ड्रॉइंग 'पाठवलं' म्हणजे 'पोचलं' का? बांधकामाची ऑनलाइन सॉफ्टवेअरं: तुलना हवी आहे

ओळंबा

नमस्कार मंडळी,

पुढच्या प्रकल्पासाठी सॉफ्टवेअर निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं आहे. पात्रता काय, तर "तुला कॉम्प्युटरमधलं कळतं". प्रकल्प मध्यम आकाराचा आहे. दोन तळघरं, वर अकरा मजले. आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल सल्लागार आणि एमईपी (वातानुकूलन, वीज, प्लंबिंग) सल्लागार तिघे तीन शहरांत. आम्ही मुख्य कंत्राटदार, आमच्या हाताखाली चौदा पोटठेकेदार.

आतापर्यंत प्रोकोर, ऑटोडेस्क बिल्ड, फील्डवायर, अकोनेक्स, ट्रिंबल कनेक्ट आणि डॅलक्स एवढ्यांची प्रात्यक्षिकं पाहिली. सगळ्यांच्या प्रात्यक्षिकात एकच इमारत असते की काय असं वाटायला लागलंय. लख्ख ऊन, रिकामी स्लॅब, आणि हातात टॅब्लेट घेऊन हसणारा एक माणूस ज्याच्या बुटाला सिमेंटचा ठिपकासुद्धा नाही. मी ४२ ओळींचा तक्ता केला. ड्रॉइंग, आरएफआय (सल्लागाराला लेखी विचारायचे प्रश्न), सबमिटल (मंजुरीसाठी पाठवायची कागदपत्रं), स्नॅग लिस्ट (त्रुटींची यादी), दैनंदिन अहवाल, फोटो, मोबाइल अॅप, जे म्हणाल ते. झालं काय, तर सगळ्यांच्या सगळ्या चौकटींत बरोबरची खूण आली! म्हणजे तक्ता वाया.

मला नक्की काय हवंय ते सांगायला मागच्या प्रकल्पातला किस्सा सांगते. (सॉफ्टवेअरचं नाव सांगणार नाही, विचारू नका.) पहिल्या तळघराच्या छताची स्लॅब. शाफ्टजवळच्या चार स्लीव्ह (पाइप जायला स्लॅबमध्ये आधीच ठेवायच्या नळ्या) ३५० मिलिमीटर सरकवलेलं सी०३ ड्रॉइंग, म्हणजे सी०२ नंतरची रिव्हिजन, गुरुवारी संध्याकाळी ६:४० ला अपलोड झालं. शुक्रवारी सकाळी साडेसातला आमचा सुपरवायझर तळघरात उतरला तेव्हा त्याच्या टॅब्लेटवर सी०२ होतं. खाली नेटवर्क नाही, आणि वर असताना त्याने अॅप उघडलंच नव्हतं. उघडायला काही कारणही नव्हतं म्हणा. स्लीव्ह जुन्या जागी बसल्या, अकराला काँक्रीट सुरू. मंगळवारी प्लंबर वर बघत उभा. मग कोअर कटिंग (मशीनने काँक्रीटला भोक पाडणं), वाटेत १६ मिलिमीटरच्या दोन सळया, त्यावर सल्लागाराची परवानगी, एकूण नऊ दिवस.

नंतरच्या बैठकीत मी मोठ्या आशेने सॉफ्टवेअरची नोंद उघडली. तिथे एकच ओळ: "१८:४० – १७ जणांना वितरित." कोणी उघडलं, कोणाच्या यंत्रावर उतरलं, याचा पत्ता नाही. आर्किटेक्ट म्हणाला, आम्ही पाठवलं होतं. खरंच होतं ते.

तर ज्यांनी दोन-तीन प्रणाली प्रत्यक्ष साइटवर वापरल्या आहेत त्यांनी सांगावं. वैशिष्ट्यांची यादी नको, ती माझ्याकडे आहे.

काठावरचा

रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडेही हेच रामायण चालू आहे.

कागदी_घोडा

बावीस वर्षं डॉक्युमेंट कंट्रोल करतोय. ट्रान्समिटलची (ड्रॉइंगसोबत जाणाऱ्या यादीपत्रांची) चळत फाइलला लावायचो तेव्हापासून. तुमचा तक्ता फसला कारण तुम्ही बैल आणि घोडा एकाच ओळीत बांधून दोघांचे पाय मोजलेत. चार-चारच भरणार.

या सॉफ्टवेअरांची कुळं वेगळी आहेत. अकोनेक्स, असाइट, प्रोजेक्टवाइज ही कागदपत्रांच्या पोटी जन्मली. अकोनेक्स २००० साली मेलबर्नमध्ये सुरू झालं ते वेगवेगळ्या कंपन्यांमधला पत्रव्यवहार आणि ड्रॉइंगची देवाणघेवाण सांभाळायला. फील्डवायर आणि पूर्वीचं प्लॅनग्रिड जन्मले साइटवर, टॅब्लेट हातात आल्यावर: पीडीएफ उघड, बोट ठेव, "इथे भेग आहे" म्हणून खूण टाक. प्रोकोर २००२ चं, कंत्राटदाराचं अख्खं ऑफिस एका जागी आणायच्या विचाराचं. ट्रिंबल कनेक्टचा जीव इमारतीच्या त्रिमितीय मॉडेलमध्ये. पुढे प्रत्येकाने दुसऱ्याचं अंगण आपल्यात घेतलं, म्हणून आज सगळ्यांकडे सगळं दिसतं. पण जे मुळात होतं ते पक्कं असतं आणि मागाहून जोडलेलं असतं ते जोडलेलंच वाटतं. प्रात्यक्षिकात ही जोड दिसत नाही, तिसऱ्या महिन्यात दिसते.

दुसरा प्रश्न मालकीचा. तुम्ही कंत्राटदार आहात. प्रोकोरसारख्या रचनेत खातं तुमचं, बाकीचे तुमच्या घरी पाहुणे. आर्किटेक्ट येऊन आरएफआयचं उत्तर देऊन जातो. तुम्हाला हे सोयीचं, पण त्याला त्याची स्वतःची नोंद कुठे मिळते? अकोनेक्समध्ये प्रत्येक संस्थेचा आपापला कप्पा. तुम्ही पाठवलेलं पत्र माझ्या कप्प्यात आलं की ते माझं, आणि एकदा गेलेलं पत्र तुम्हाला, मला किंवा प्रशासकाला खोडता येत नाही. भांडण असेल तिथे हे सोन्यासारखं. भांडण नसेल तिथे ते जड वाटतं. एक साधा प्रश्न विचारायला पत्राचा प्रकार निवडा, विषय घाला, प्रत कोणाला ते ठरवा. साइटवरचा माणूस तेवढ्यात फोन लावून मोकळा होतो, आणि झालेलं बोलणं हवेत विरतं.

तुमच्या किस्स्याबद्दल: पाठवलं, पोचलं, उघडलं, आणि त्यावर काम झालं, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक प्रणाली पहिली छातीठोक सांगतात. निवडताना विक्रेत्याला एवढंच म्हणा, "या ड्रॉइंगचं सी०३ माझ्या सुपरवायझरने उघडलं की नाही ते दाखवा. आत्ता, इथे." मेनूत चाचपडायला लागला की तुम्हाला उत्तर मिळालं.

सळईवाला

मी त्या गोष्टीतला सुपरवायझर. म्हणजे तोच नाही, पण तोच.

ऑफिसवाल्यांना वाटतं आम्हाला अॅप नको असतं. आम्हाला अॅप नको नसतं, आम्हाला सहा वेळा बोट दाबणं नको असतं. हातात मोजा, मोज्यावर तेल, सूर्य डोक्यावर, स्क्रीन काळी दिसते. आणि मागे चाळीस माणसं उभी, पंप सुरू. अशा वेळी "फोल्डर निवडा, उपफोल्डर निवडा, पॅकेज निवडा" कोण करणार? मी ग्रुपवर टाकतो: "साहेब सी-४ कॉलमला टाय किती अंतरावर?" दोन मिनिटांत फोटो येतो, काम पुढे जातं.

तुमच्या ४२ ओळींत ही एक ओळ आहे का बघा: अॅप उघडल्यापासून मला हवं ते ड्रॉइंग दिसेपर्यंत किती वेळा बोट लावावं लागतं? चारच्या वर गेलं की ते सॉफ्टवेअर ऑफिसचं, साइटचं नाही.

कागदी_घोडा

@सळईवाला, ग्रुपवर आलेला तो फोटो कुठल्या रिव्हिजनचा होता?

सळईवाला

तेच तर. साहेबांनी त्यांच्या टेबलावरच्या ड्रॉइंगचा काढला. टेबलावर जे होतं ते.

कलम_वीस

या ग्रुपच्या फोटोंबद्दल एक व्यवहारातली गोष्ट. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र आकुंचन पावतं आणि त्याच्या पोटातली मूळ माहिती, म्हणजे काढल्याची वेळ, जागा वगैरे, गळून पडते. वर्षभराने "हा फोटो काँक्रीटच्या आधीचा आहे" हे दाखवायला गेलात तर हातात फक्त पाठवल्याची वेळ उरते. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते. ग्रुप बंद होणार नाही हे मला माहीत आहे, निदान एवढं तरी करा.

आता माझा विषय. मी दावे आणि मुदतवाढीचं काम करतो. सॉफ्टवेअर निवडताना कराराची प्रत कोणी शेजारी ठेवत नाही, आणि नेमकं तिथेच घोडं अडतं. फिडिक या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नमुना करारात, म्हणजे १९९९ च्या लाल पुस्तकात, कलम २०.१ आहे. विलंब किंवा जादा खर्चाचा दावा करायचा तर घटना कळल्यापासून, किंवा कळायला हवी होती तेव्हापासून, २८ दिवसांत कंत्राटदाराने सूचना द्यायची. नाही दिली तर हक्क गेला. २०१७ च्या आवृत्तीत क्रमांक बदलला, २८ दिवस तेच राहिले. त्या आवृत्तीत आणखी एक अट आहे: सूचना ही 'सूचना' आहे असं तिच्यावर स्पष्ट लिहिलेलं हवं. म्हणजे आरएफआयच्या खिडकीत चौथ्या उत्तरात "यामुळे आम्हाला उशीर होणार आहे बरं का" असं लिहून भागत नाही.

एनईसी४ हा ब्रिटिश नमुना करार तर याहून थेट बोलतो. कामाच्या व्याप्तीत एखादी संपर्क प्रणाली नमूद केली असेल, तर त्या प्रणालीतून गेलेल्या निरोपालाच किंमत. ईमेल केला, फोन केला, समोर उभं राहून सांगितलं, सगळं बाजूला.

म्हणून माझा प्रश्न सॉफ्टवेअरबद्दल नाहीच. तुमच्या करारात या प्रणालीचं नाव आहे का? असेल तर तिच्यात 'सूचना' नावाचा वेगळा प्रकार, वेगळा क्रमांक आणि मुदतीची आठवण आहे का? नसेल तर तुम्ही काहीही विकत घ्या, दाव्याच्या दिवशी कागदच काढावा लागेल.

ओळंबा

@कलम_वीस, करारात फक्त "इलेक्ट्रॉनिक माध्यमातून" एवढंच आहे. उद्याच विचारते. हे मला कधी सुचलं नसतं.

@कागदी_घोडा, ते "आत्ता, इथे दाखवा" मी दोघांना विचारलं. एकाने दोन मिनिटांत दाखवलं. दुसरा म्हणाला, "ते आमच्या पुढच्या टप्प्यात येतंय."

सर्व्हरमामा

पुढच्या टप्प्यात येतंय म्हणजे येत नाही. 😀

त्रिमिती

सगळे ड्रॉइंग-ड्रॉइंग करताय, मॉडेलचं कोणीच बोलत नाही म्हणून लिहितेय. तीन सल्लागार तीन शहरांत म्हटल्यावर पाइप आणि बीमची टक्कर साइटवर नाही, मॉडेलमध्येच सापडली पाहिजे. @ओळंबा, तुमच्या स्लीव्ह ३५० ने सरकल्या त्याही बहुधा अशाच एका टकरीमुळे.

इथे दोन रस्ते आहेत. सगळे रेव्हिटवाले (हे ऑटोडेस्कचं मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर) असतील तर ऑटोडेस्कच्या ढगात एकाच मॉडेलवर एकत्र काम करणं सोपं जातं, पण त्याचा परवाना वेगळा लागतो. 'बिल्ड' घेतलं की ते आपोआप मिळतं असा गैरसमज मी तीन ठिकाणी पाहिला आहे. आणि स्ट्रक्चरलवाला टेकला या दुसऱ्या मॉडेल-सॉफ्टवेअरवर, एमईपीवाला तिसऱ्याच कशावर असेल तर आयएफसीला पर्याय नाही. ते बिल्डिंगस्मार्ट या संस्थेचं, मॉडेलच्या फाइलींचं खुलं स्वरूप, २०१३ पासून आयएसओ १६७३९ या क्रमांकाचं मानक. ट्रिंबल कनेक्ट आणि डॅलक्स दोन्ही आयएफसी उघडतात. मोबाइलवर मॉडेल फिरवायला मला डॅलक्स हलकं वाटलं, पण हे माझ्या फोनचं मत समजा.

आयएफसीइतकाच महत्त्वाचा, आणि तुमच्या तक्त्यात नक्कीच नसलेला, शब्द म्हणजे बीसीएफ. टेकला आणि सोलिब्री (मॉडेल तपासायचं सॉफ्टवेअर) या दोघांच्या लोकांनी मिळून हे सुरू केलं. कल्पना इतकी साधी आहे की हसू येतं. टक्कर सापडली की अख्खं मॉडेल पाठवायचं नाही. फक्त एवढंच पाठवायचं: कॅमेरा कुठे होता, कुठल्या दोन घटकांची टक्कर, एक चित्र, आणि कोण काय म्हणालं. बीसीएफची फाइल म्हणजे आत एक्सएमएल आणि चित्रं असलेली झिपच. एमईपीवाला त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ती उघडतो, कॅमेरा आपोआप त्याच कोपऱ्यात जाऊन उभा राहतो. "सहाव्या मजल्यावर, जिन्याच्या डावीकडे, नाही नाही, तिकडून डावीकडे" हा फोनवरचा खेळ संपतो. तेव्हा विक्रेत्याला विचारा: बीसीएफ आत येतं का, आणि बाहेर जातं का? 'आत येतं' एवढंच असेल तर तो उंदराचा पिंजरा आहे.

कागदी_घोडा

त्रिमितीताई, मान्य, पण एक शंका. मॉडेल दिसायला लागलं की लोक मॉडेल बघून काम करायला लागतात, आणि करारात ग्राह्य असतं ते शिक्का मारलेलं पीडीएफ. मॉडेलमध्ये बीम ६०० चा आणि ड्रॉइंगवर ७५० चा असेल तर सुपरवायझरने कोणाचं ऐकायचं?

त्रिमिती

ड्रॉइंगचं, वादच नाही. पण दोघांत फरक पडला याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं की मॉडेलमधून काढलेलं पीडीएफ नंतर कोणीतरी हाताने दुरुस्त केलं. आणि फरक दिसला तो कोणाला? मॉडेल बघणाऱ्यालाच.

कागदी_घोडा

हे बरीक खरं.

बरं, रिव्हिजनचा विषय निघालाच आहे तर आयएसओ १९६५० या, बांधकामाची माहिती सांभाळायच्या मानकाबद्दल. मूळ ब्रिटिशांचं बीएस ११९२, २००७ चं. त्यातून वाढत वाढत २०१८ मध्ये आयएसओ १९६५० चे पहिले दोन भाग आले. त्यातली कामाची गोष्ट एकच: प्रत्येक फाइल कुठल्या ना कुठल्या अवस्थेत असते. काम चालू, वाटलेली, प्रकाशित आणि संग्रहित. 'काम चालू' अवस्थेतली फाइल ती करणाऱ्या गटाखेरीज कोणाला दिसायलाच नको. ब्रिटिश पद्धतीत पी०१, पी०२ हे कच्चे आणि सी०१ पासून पुढचे कराराचे. ओळंबांच्या साइटवर सी०२-सी०३ वापरतात म्हणजे कोणीतरी हे वाचलेलं आहे.

आता गंमत बघा. जवळजवळ प्रत्येक विक्रेता "आम्ही १९६५० पाळतो" म्हणतो. बऱ्याचदा याचा अर्थ चार नावांचे चार फोल्डर, एवढाच असतो! फोल्डर म्हणजे अवस्था नव्हे. फाइल एका फोल्डरातून दुसऱ्यात ओढून टाकता येत असेल तर मंजुरी कुठे झाली? अवस्था बदलताना कोणीतरी नावानिशी, तारखेनिशी "हो" म्हणावं लागतं, आणि ते "हो" फाइलच्या इतिहासात राहावं लागतं. चाचणी सोपी आहे: कच्चं पी०३ घ्या आणि मंजुरी न घेता साइटच्या फोल्डरात ढकलून बघा. गेलं तर तो फक्त कपाटाचा खण.

काठावरचा

आमच्याकडे गेलं. आत्ताच ढकलून पाहिलं. आता परत कसं आणू?

सर्व्हरमामा

@काठावरचा, खऱ्या प्रकल्पावर करायचं नव्हतं हो! आधी ते साइटच्या फोल्डरातून काढा, मग ज्यांना ज्यांना ते गेलं असेल त्यांना फोन करा.

माझे दोन पैसे. मी आयटीवाला, मला बांधकामातलं कळत नाही, पण निघून जाताना सामान कसं न्यायचं ते कळतं. या धंद्यात कंपन्या एकमेकींना सतत गिळतात. अकोनेक्स २०१८ मध्ये ओरॅकलकडे गेलं. त्याच वर्षी ट्रिंबलने व्ह्यूपॉइंट घेतलं आणि ऑटोडेस्कने प्लॅनग्रिड. २०२१ मध्ये ऑटोडेस्क बिल्ड आलं तेव्हा त्यात प्लॅनग्रिड आणि ऑटोडेस्कचंच जुनं बीआयएम ३६० या दोन्हींचा अर्क होता, आणि जुन्या वापरकर्त्यांना सांगण्यात आलं की आता इकडे या. फील्डवायर त्याच वर्षी हिल्टीने घेतलं, हो, तीच ड्रिल मशीनवाली. यात वाईट काही नाही, कधीकधी माल सुधारतोही. पण तुमची इमारत उभी राहायला तीन वर्षं, त्यावर दोषदायित्वाचा काळ, आणि वाद झाला तर पुढे किती वर्षं कोण जाणे. तेवढ्या काळात सॉफ्टवेअरच्या दारावरची पाटी दोनदा बदलू शकते.

म्हणून आजच निर्यात करून बघा. "निर्यात होते" या उत्तरावर जाऊ नका. मी एका प्रकल्पाची केली (नाव मीही सांगणार नाही). ११ हजार फोटो आले, छान. फाइलींची नावं: लांबलचक आकडे आणि अक्षरं. कुठला फोटो कुठल्या स्नॅगचा हे सांगणारा धागा तुटलेला. आरएफआय पीडीएफ म्हणून आले, पण जोडपत्रं वेगळ्या फोल्डरात, क्रमांकाशिवाय. माहिती सगळी होती, संबंध गेले होते. शेवटी एपीआयमधून, म्हणजे प्रोग्रॅम लिहून, ओढावं लागलं, एका मुलाचे सहा आठवडे गेले. खरेदीच्या आधी दहा स्नॅग, दहा फोटो, तीन आरएफआय घाला आणि बाहेर काढून दाखवा म्हणा. फोटोपासून स्नॅगपर्यंत परत जाता आलं पाहिजे.

ओळंबा

सर्व्हरमामा, हे भयंकर आहे. पण लिहून घेतलं.

दरांचा प्रश्न राहिला. आकडे नकोत, पद्धत सांगा. फील्डवायर डोक्यामागे पैसे घेतं. प्रोकोर म्हणतं वापरकर्ते कितीही असू देत, वर्षभरात किती रकमेचं बांधकाम करता त्यावर ठरवू. आमचे चौदा पोटठेकेदार, प्रत्येकाची दोन माणसं धरली तरी अठ्ठावीस. कुठलं बरं?

कागदी_घोडा

डोक्यामागे पैसे असले की काय होतं ते सांगतो. पहिल्या महिन्यात सगळ्यांना खाती. तिसऱ्या महिन्यात लेखा विभाग विचारतो, इतकी कशाला? मग चार पोटठेकेदारांत एक खातं. मग "प्लंबिंग_साइट" नावाचं एक खातं आणि त्याचा पासवर्ड कंटेनरच्या दारावर खडूने लिहिलेला. त्यानंतर "कोणी उघडलं" या नोंदीला काय अर्थ उरला? प्लंबिंगने उघडलं. कुठल्या प्लंबिंगने?

उलाढालीवर पैसे असतील तर हा रोग होत नाही, पण मग लहान कामांनाही त्याच भावाचं ओझं, आणि काम वाढलं की नूतनीकरणाच्या वेळी विक्रेत्याच्या चेहऱ्यावर वेगळंच हसू. तुमच्या किस्स्यासाठी मात्र एक माणूस एक खातं हे सोडू नका. त्यासाठी काही वैशिष्ट्यं कमी मिळाली तरी चालतील.

सळईवाला

पैशाचं तुम्ही बघा. मला एक सांगा, नेटवर्क नसताना काय दिसतं? सगळे म्हणतात ऑफलाइन चालतं. चालतं म्हणजे जुनं दिसतं. जुनं आहे हे सांगतं का?

ओळंबा

@सळईवाला, तुमच्या या प्रश्नावरच पुढचे तीन आठवडे गेले. म्हणून उशिरा लिहितेय.

दोन प्रणाली निवडून चाचणी केली. नावं देत नाही. यांच्या आवृत्त्या सारख्या बदलतात आणि नाव घेतलं की धाग्याचं कुरुक्षेत्र होतं. चालू साइटचा एक मजला, आठ ड्रॉइंग, दोन टॅब्लेट. सकाळी दोन्हीवर सगळं उतरवून घेतलं, मग टॅब्लेट घेऊन खाली गेलो. वरून एका ड्रॉइंगची नवी रिव्हिजन मुद्दाम चढवायला सांगितली.

पहिल्या टॅब्लेटवर जुनं ड्रॉइंग, जसंच्या तसं, ठणठणीत. कुठेही काही लिहिलेलं नाही. बघणाऱ्याला वाटावं, हेच ताजं. दुसऱ्यावर वर पिवळी पट्टी: शेवटचं सिंक अमुक तासांपूर्वी. मी खूश! दुसरी प्रणाली नक्की, असं ठरवून टाकलं.

मग सुपरवायझरला विचारलं, ही पट्टी दिसली का? म्हणाला, "कुठली पट्टी?" दाखवली. म्हणाला, "ती होय, ती कायमच असते." आणि खरंच होतं. तळघरात ती पट्टी दिवसभर असते, त्यामुळे तिला कोणी बघतच नाही. दोन दिवस मला काही सुचेना.

शेवटी ज्या गोष्टीशिवाय काँक्रीट पडत नाही तिच्याकडे वळलो: पोअर कार्ड. पंप लागायच्या आधी शटरिंग, सळई, स्लीव्ह यांच्यावर सह्या होतात तो एक पानी कागद. त्यात सळईच्या ओळीच्या वर एक नवी ओळ घातली: कुठल्या ड्रॉइंगवरून तपासलं, रिव्हिजन कुठली, आणि ती आज सकाळी वर येऊन कोणी पडताळली. आमच्या ड्रॉइंगच्या कोपऱ्यात क्यूआर चिकटवला आहे, जिन्याच्या तोंडाशी नेटवर्क आहे तिथे स्कॅन केलं की चालू रिव्हिजन समोर येते. कार्डवर ती हाताने लिहायची. पोअर कार्डचा फॉर्म स्वतः बनवता येतो का, आणि त्यात ड्रॉइंगच्या यादीतली चालू रिव्हिजन आपोआप दिसते का, यावर मग दोन्ही प्रणाली पुन्हा तपासल्या. जिच्यावर मी फुली मारली होती, म्हणजे पट्टी नसलेली, तिच्यात हे झालं. दुसरीत फॉर्म होता, पण ड्रॉइंगची यादी आणि फॉर्म एकमेकांना ओळखत नाहीत.

म्हणून पहिली घेतोय. बाकीचं: निर्यात करून पाहिली, फोटोला स्नॅगचा क्रमांक येतो. एक माणूस एक खातं, त्यावर लेखा विभागाशी भांडण चालू. करारात प्रणालीचं नाव घालायला क्लायंट तयार आहे, पण सूचना मात्र त्याखेरीज पत्रानेही हव्यात म्हणतोय. त्रिमितीताई, एमईपीवाला बीसीएफ म्हणजे काय ते विचारत होता, त्याला तुमचा प्रतिसाद वाचायला दिला.

कलम_वीस

दोन्ही मार्ग ठेवलेत तर करारात एक ओळ घाला: मुदत कुठल्या प्रतीपासून मोजायची. नाहीतर पोर्टलवरची तारीख वेगळी, पत्राची वेगळी, आणि २८ दिवस दोन ठिकाणी सुरू होतात.

ओळंबा

घातली. आधी सांगितलं असतंत तर वकिलाची एक फेरी वाचली असती. 🙂

त्रिमिती

एमईपीवाल्याने काल पहिली बीसीएफ पाठवली. त्यात कॅमेरा इमारतीच्या बाहेर हवेत होता, पण सुरुवात आहे.

सळईवाला

पोअर कार्डची ओळ आमच्या साहेबांनाही दाखवली. ते म्हणाले चांगली आहे, पण स्कॅन करायला रोज सकाळी जिन्यापर्यंत वर कोण येणार. तळघरातच वायफाय का बसवत नाही तुम्ही?

ओळंबा

केबल सोमवारी येतेय.